प्रिंटर घेताना आधी त्याची भाषा विचारा



या पानावर आपण नेहमी घरखर्च, मुलांचा अभ्यास, आजारपण यांविषयी वाचता. आजचा विषय यंत्राचा आहे म्हणून पान उलटू नका. गावोगावी आता आपल्या माणसांची छोटी छोटी कार्यालये उभी राहिली आहेत. कुठे विहाराला लागून अभ्यासिका आहे, कुठे महिला बचत गट आहे, कुठे पतसंस्था. एक टेबल, एक लोखंडी कपाट, पावतीपुस्तके आणि शहरातील कुणा सज्जनाने दिलेले दोन-तीन जुने संगणक. एवढे जमले की पुढची मागणी येते ती प्रिंटरची. परवा एका बचत गटाच्या ताईंनी आम्हाला विचारले, "भाऊ, सगळ्यात स्वस्त प्रिंटर कोणता, तेवढं नाव सांगा." आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. कारण हाच प्रश्न, याच शब्दांत, काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः दुकानात विचारला होता. त्याचे काय झाले ते आधी सांगतो.

आमचे माहूर गडाच्या पायथ्याचे. बाहेरच्या लोकांना ते रेणुकामातेचे आणि दत्तशिखराचे गाव म्हणून ठाऊक. नवरात्रात येथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र संगणकाचा एखादा सुटा भाग हवा असला तर किनवट, पुसद नाहीतर थेट नांदेड गाठावे लागते. नांदेड आमच्या जिल्ह्याचे ठिकाण खरे, पण ते सव्वाशे किलोमीटरांच्या घरात. यंत्र दुरुस्तीला न्यायचे एक दिवस, परत आणायचे दुसरा दिवस, आणि मधल्या काळात काम बंद. शहरातल्या माणसाला हे समजत नाही. त्याचा मेकॅनिक फोनवर येतो.

आमच्या अभ्यासिकेत तीन संगणक होते. एकात विंडोज होते. उरलेले दोन पुण्याच्या एका कार्यालयातून दान आलेले. देताना त्यांनी आतील सर्व माहिती पुसून, डिस्क कोरी करून दिली. ते योग्यच केले. विंडोजचा परवाना विकत घेण्याइतके पैसे आमच्याजवळ नव्हते आणि चोरीची प्रत टाकायची नाही, असे बैठकीत ठरले होते. तेव्हा अभियांत्रिकीला शिकणाऱ्या आमच्याच एका मुलाने दोन्ही संगणकांत लिनक्स बसवून दिले. ते फुकट मिळते, वाटायलाही परवानगी असते, आणि जुन्या संगणकावर बरे चालते. मुले त्यावर टंकलेखन शिकू लागली, ऑनलाइन अर्ज भरू लागली.

मग प्रिंटरसाठी वर्गणी काढली. दहा, वीस, पन्नास, क्वचित शंभर. वीटभट्टीवर जाणाऱ्या आणि रोजमजुरी करणाऱ्या माणसांचे हे पैसे. आम्ही बी.कॉम. झालेले, सारे आयुष्य कारकुनीत गेलेले. पावती फाडल्याशिवाय रुपया घेतला नाही. परंतु खरेदीच्या वेळी आमचे सगळे बी.कॉम. एकाच आकड्यापाशी थांबले, तो आकडा किमतीचा. दुकानदाराला तीन गोष्टी विचारल्या. किती रुपये? वॉरंटी किती? संगणकाला लागतो ना? तो म्हणाला, "लागतो की साहेब, का नाही लागणार?" तो खोटे बोलला नाही. वायर लागत होती.

विंडोजच्या संगणकावर यंत्र झकास चालले. लिनक्सच्या संगणकांना जोडले की नुसते गुरगुरायचे. कधी कोरा कागद बाहेर टाकायचे, कधी पानाच्या माथ्यावर अगम्य चिन्हांची एकच ओळ. आम्ही म्हटले, नंतर बघू, एकावर चालते आहे ना! आणि ऐन शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत तो एकच संगणक बसला. हार्ड डिस्क गेली.

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. वाई बाजारच्या बाजूच्या एका खेड्यातून एक शेतमजूर आपल्या मुलाला घेऊन संध्याकाळी आले. मुलगा किनवटला महाविद्यालयात शिकणारा. त्याने लिनक्सच्या संगणकावर अर्ज पूर्ण भरला. पडद्यावर अर्ज दिसत होता. महाविद्यालयात द्यायची होती ती त्याची छापील प्रत. शेजारी नवे यंत्र, कागद भरलेला, हिरवा दिवा लागलेला. आठ वाजून गेले, बाजारातली झेरॉक्सची दुकाने बंद झाली, शेवटची गाडीही गेली. आम्ही पुण्याच्या त्या मुलाला फोन लावून बसलो होतो आणि तो सांगेल ती बटणे दाबत होतो. झाडलोट करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून सारे पाहत होत्या. त्यांनीही वीस रुपये दिले होते. त्या म्हणाल्या, "नवं हाय ना भाऊ, मग काहून छापत नाही?"

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. बापलेक रात्री अभ्यासिकेतच झोपले. सकाळच्या पहिल्या गाडीने पेनड्राइव्ह घेऊन किनवटला गेले, तेथे रांगेत उभे राहून छापून घेतले आणि अर्ज वेळेत दिला. अर्ज वाचला. त्या बापाची दोन दिवसांची मजुरी गेली ती गेलीच. ज्या यंत्रासाठी त्याने शंभर रुपयांची पावती घेतली होती, त्या यंत्रापासून उठून त्याला दुसऱ्या गावी जावे लागले. तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

कंपनीचे नाव आम्ही सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. यंत्र ज्या कामासाठी बनवले होते ते काम ते करीतच होते. विचारायचा तो प्रश्न आम्ही विचारला नाही. तो प्रश्न कोणता, हे समजायला आम्हाला पुढे बरेच दिवस लागले.

दुभाषा कोणाच्या घरचा?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. विंडोज हा एक कारभारी, अ‍ॅपलच्या संगणकातील मॅकओएस दुसरा, लिनक्स तिसरा. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये अँड्रॉइड असते, तोही एक कारभारीच. (त्याचा गाभा लिनक्सचाच आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. लिनक्स म्हणताच नाक मुरडणारी माणसे दिवसभर तेच हातात घेऊन फिरतात!) या प्रत्येकाची बोलण्याची रीत वेगळी. प्रिंटरशी बोलायचे तर मध्ये दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात.

किनवट-माहूरच्या आमच्या पट्ट्यातील माणसाला हे चटकन समजेल. येथे आठवडी बाजारात मराठी, बंजारा, गोंडी, कोलामी, तेलुगू अशा भाषा कानावर पडतात. तरी व्यवहार अडत नाही, कारण बाजाराची म्हणून एक सामाईक बोली असते आणि ती सगळ्यांना थोडीफार येते. समजा एखादा व्यापारी असा आला की त्याला फक्त त्याच्या घरची बोली येते, आणि त्याचा दुभाषा गावातल्या एकाच वाड्यात बसतो, इतर कुणाच्या दारी जात नाही. त्या वाड्याखेरीज कुणाशी त्याचा सौदा होणार? आमचा स्वस्त प्रिंटर हा तसा व्यापारी होता.

छपाईयंत्रांच्या सामाईक भाषा पूर्वीपासून आहेत. पोस्टस्क्रिप्ट ही भाषा अडोबी कंपनीने १९८४ साली आणली आणि १९८५ साली अ‍ॅपलच्या लेझररायटर यंत्रामुळे ती जगभर गेली. पीसीएल ही एचपी कंपनीची भाषा, तीही १९८४ पासूनची. पुढे इतर अनेक कंपन्यांनी ती उचलली. डॉट मॅट्रिक्स यंत्रांमध्ये एप्सनची रीत अशीच सर्वमान्य झाली. ही भाषा येणाऱ्या यंत्राला स्वतःचे डोके असते. संगणक त्याला सांगतो की अमुक जागी अमुक अक्षर, तमुक जागी रेघ, आणि पानाचे चित्र यंत्र स्वतः तयार करते.

स्वस्त यंत्रात नेमके हे डोके काढून घेतलेले असते. पानावर कुठे ठिपका पडायचा आणि कुठे नाही, हे सगळे संगणकालाच करावे लागते आणि ते कंपनीच्या खाजगी सांकेतिक पद्धतीने यंत्राकडे पाठवावे लागते. अशा यंत्रांना होस्ट बेस्ड किंवा जीडीआय प्रिंटर म्हणतात. जीडीआय हे विंडोजच्याच एका भागाचे नाव आहे, यावरूनच काय ते ओळखावे! एचपीच्या लेझरजेट १०२० या आपल्याकडच्या कार्यालयांत ठिकठिकाणी दिसणाऱ्या यंत्राला तर स्वतःचा मूळ कार्यक्रमही आठवणीत राहत नाही. चालू केले की दर वेळी संगणकाला तो पुन्हा शिकवावा लागतो. विंडोज हे निमूटपणे करते म्हणून आपल्या लक्षात येत नाही. लिनक्सवर त्यासाठी एचपीचा वेगळा जोडभाग बसवावा लागतो. तो बसवला की यंत्र चालते, मात्र हे कुणीतरी सांगायला हवे.

यंत्रातील डोके काढले म्हणून यंत्र स्वस्त झाले. बचत कंपनीने केली आणि खर्च आपल्या अंगावर टाकला, असे आमचे मत. ज्या घरी एकच संगणक आणि त्यात विंडोज आहे, त्याला हा सौदा परवडेलही. पण दान आलेल्या निरनिराळ्या संगणकांवर चालणाऱ्या संस्थेला तो परवडत नाही.

अडलेला कागद आणि एक मोठी चळवळ

प्रिंटरवरून असे अडणारे आम्ही पहिले नव्हेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे एमआयटी ही नामांकित संस्था आहे. तेथील प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण संगणकतज्ज्ञ काम करीत होते. त्यांच्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. यंत्र वेगळ्या मजल्यावर, छापायला दिलेला माणूस आपल्या खोलीत वाट पाहत बसलेला. स्टॉलमन यांनी त्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः दुरुस्ती केली की कागद अडकताच संबंधितांना संगणकावर निरोप जावा. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने तेथे नवा लेझर प्रिंटर भेट दिला. यंत्र उत्तम, वेगवान. कागद मात्र त्यातही अडकायचा. आणि या वेळी सॉफ्टवेअरची मूळ संहिता कंपनीने दिली नव्हती. ज्या एका प्राध्यापकांकडे ती होती, त्यांनी गुप्ततेचा करार केला असल्याने देण्यास नकार दिला. ज्याला दुरुस्ती येते त्याच्याच हाताला कुलूप!

ही गोष्ट स्टॉलमन पुढे आयुष्यभर सांगत आले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: कुणालाही वापरता, पाहता, दुरुस्त करता आणि वाटता येईल असे सॉफ्टवेअर. १९९१ साली फिनलंडचे विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून जे उभे राहिले तेच आज आमच्या अभ्यासिकेतल्या दोन जुन्या संगणकांत आहे. एका अडलेल्या कागदाचा यात वाटा आहे, हे वाचून आम्हाला त्या रात्रीची आठवण झाली.

भाषेचा प्रश्नही हळूहळू सुटत आला आहे. मायकेल स्वीट यांनी कप्स नावाची छपाईची व्यवस्था तयार केली, ती १९९९ साली बाहेर आली. लिनक्सने ती घेतली, २००२ साली अ‍ॅपलनेही आपल्या संगणकांसाठी घेतली. २०१० साली अ‍ॅपलने एअरप्रिंट आणले. त्यात ड्रायव्हर बसवण्याची भानगडच नाही; यंत्र आणि फोन एकाच वायफायवर असले की एकमेकांना ओळखतात. २०१३ साली कॅनॉन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया नावाची संघटना केली. आता अँड्रॉइड फोनवरून छापता येते ते तिच्यामुळे. या सगळ्यांच्या मुळाशी आयपीपी नावाची एक खुली भाषा आहे. ती कुणा एका कंपनीची नाही. ही भाषा येणारे यंत्र नव्या लिनक्सवर, मॅकवर, नव्या विंडोजवर आणि फोनवर दुभाष्याशिवाय चालते. खुद्द मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने बंद होईल आणि याच सामाईक रीतीला अग्रक्रम मिळेल. म्हणजे घरच्या बोलीतला व्यापारी आता त्या एका वाड्यातही पोरका होण्याची वेळ आली!

हा प्रश्न आपल्या संस्थांपुढे आज अधिकच येणार आहे, त्याचे कारणही लक्षात घ्यावे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. विंडोज ११ ला नव्या धर्तीचा संगणक लागतो. सात-आठ वर्षांपूर्वीचे बरेचसे चालत नाहीत. मोठी कार्यालये असे संगणक काढून टाकतात आणि त्यांतले काही दान म्हणून आपल्या दारी येतात. त्यांत लिनक्स घालूनच ते पुढची पाच वर्षे चालवावे लागतील. यात कमीपणा काही नाही. आपल्या सीडॅक या सरकारी संस्थेचे बॉस नावाचे लिनक्स आहे, त्यात मराठीची सोय आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांमधून तर वर्षानुवर्षे मुले लिनक्सवरच शिकत आली आहेत.

दुकानात काय विचारावे

प्रिंटरच्या खोक्यावर आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात बरेच काही लिहिलेले असते. तेथे पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट, एअरप्रिंट, मोप्रिया, आयपीपी यांपैकी काही शब्द आहेत का, ते पाहावे. पीसीएल ५, पीसीएल ६ किंवा पोस्टस्क्रिप्ट असेल तर फारच चांगले. भाषेच्या रकान्यात जीडीआय किंवा होस्ट बेस्ड एवढेच असेल तर यंत्र खाली ठेवावे. एअरप्रिंट लिहिलेले यंत्र बहुधा लिनक्सवरही चालते, ही खूण आम्हाला फार उपयोगी पडली. आपल्या घरी अ‍ॅपलची वस्तू नसेना का, शब्द मात्र शोधावा.

"लिनक्सवर चालतो का?" असे नुसते विचारून भागत नाही. दुकानदार हो म्हणेल, किंवा "ते कोण वापरतं?" असे म्हणून हसेल. त्यापेक्षा लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा. दुकानातील संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. त्यातील माहितीला धक्का लागत नाही, काही बसवावे लागत नाही, पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केला की तो होता तसा. असा पेनड्राइव्ह संगणक शिकणारा कोणताही मुलगा-मुलगी तासाभरात करून देईल. मग दुकानदाराला नम्रपणे म्हणावे, "दादा, एक पान छापून दाखवा, लगेच पैसे देतो." ज्याला विकायचे आहे तो दाखवतो.

छापायचे ते पान मराठीच असावे. इंग्रजी ओळ कशावरही छापली जाते. आपल्या मजकुरात जोडाक्षरे असतात, वेलांट्या, उकार, रफार असतात. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव', 'उत्पन्नाचा दाखला', 'द्वितीय वर्ष' असे शब्द आणि एखाद्या दाखल्यावरचा चौकोनी क्यूआर कोडही छापून पाहावा. क्यूआर कोड फिकट किंवा फाटका आला तर मोबाइलने वाचला जात नाही. आणि पुढे तो दाखला तपासायचा कसा?

मराठीबाबत येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण पुष्कळदा दोष प्रिंटरचा नसतो आणि शिव्या त्याला बसतात. प्रिंटरला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. अक्षराचा आकार त्याला संगणकाकडून मिळतो. पूर्वी संगणकात मराठी आणणे हेच मोठे काम होते. आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सीडॅकने वाढवले आणि संगणकात एक वेगळे कार्ड बसवून देवनागरी दिसू लागली. मग श्रीलिपी, आकृती, कृतीदेव असे फाँट आले. त्यांतला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आमच्या कार्यालयांच्या जुन्या फायली अजून अशा पडून आहेत. युनिकोडने ही अडचण दूर केली. म्हणून संस्थेचे सर्व टंकलेखन युनिकोडमध्येच करावे, आणि छापण्यापूर्वी पीडीएफ करून घ्यावी. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आतच बांधलेले असतात. ज्या संगणकावर उघडाल तेथे पान तसेच दिसते.

उन्हाळा, वीज आणि पानाचा हिशेब

भाषेचे पाहून झाले की जातीचे पाहावे. (यंत्राच्या जातीचे म्हणतो आहोत. तेवढीच काय ती विचारायला हरकत नाही!) डॉट मॅट्रिक्स खडखड करतो, पण रिबन स्वस्त आणि कार्बन लावून दोन प्रती एकदम निघतात. पावत्यांना अजून तो चांगला. मराठी मात्र चित्रासारखी ठिपक्या-ठिपक्यांनी काढावी लागत असल्याने फार हळू. शाईच्या टाकीचा प्रिंटर पानाला स्वस्त पडतो आणि रंगीतही छापतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो; यंत्र पंधरा-वीस दिवस बंद राहिले की शाई तोंडाशी सुकते. जेथे रोज छपाई आहे तेथेच तो घ्यावा. परीक्षेच्या आणि अर्जांच्या दिवसांत जागी होणाऱ्या आणि मे महिन्यात कुलूप लागणाऱ्या आमच्यासारख्या अभ्यासिकेला काळ्या शाईचा लेझर बरा. त्याचा टोनर म्हणजे कोरडी पूड, सुकण्याचा प्रश्न नाही. पण लेझर सुरू होताना वीज फार ओढतो. संगणकाच्या छोट्या यूपीएसवर तो लावू नये, यूपीएस बसेल.

आता बी.कॉम.चे काम. आकडे केवळ समजुतीसाठी घेतो. समजा एक यंत्र ८ हजारांचे आणि त्याला पानामागे १ रुपया खर्च. दुसरे १४ हजारांचे, पानामागे ३० पैसे. फरक ६ हजारांचा, पानामागे बचत ७० पैशांची. म्हणजे सुमारे साडेआठ हजार पानांत महाग यंत्र स्वस्ताच्या बरोबरीला येते. दिवसाला वीस पाने आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर सतरा महिन्यांत. त्यानंतर प्रत्येक पान नफ्याचे. टोनरच्या खोक्यावर जी पानांची संख्या असते ती पानाच्या पाच टक्के भागावर शाई पडेल असे धरून काढतात. शिरोरेषेने भरलेले आमचे मराठी पान त्याहून काळे असते. आम्ही छापील संख्येतून चौथा हिस्सा वजा करूनच हिशेब मांडतो.

दोन गोष्टी आणखी. काही यंत्रांच्या कार्ट्रिजवर चिप असते आणि दुसऱ्याने भरलेले कार्ट्रिज यंत्र नाकारते. काही मॉडेलना छापण्यासाठी सतत इंटरनेट जोडलेले लागते. आमच्या भागात पावसाळ्यात इंटरनेट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा असे यंत्र पेटीत बसवून ठेवावे लागेल. हे दोन्ही प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावेत आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. नेटवर्कची वायर लागेल असे छिद्र किंवा वायफाय यंत्राला असावे. मग ते कुठल्याही एका संगणकाच्या दावणीला बांधावे लागत नाही. साध्या राउटरला जोडले की खोलीतील सगळ्यांना छापता येते. इंटरनेट नसले तरी.

ज्यांनी आमच्यासारखे आधीच घेऊन ठेवले आहे त्यांनी ते यंत्र भंगारात देऊ नये. विंडोज असलेला एक संगणक त्याच्यासाठी राखावा. लिनक्सवर अर्ज भरून पीडीएफ करावी आणि पेनड्राइव्हने त्या संगणकावर नेऊन छापावी. चालते. फक्त तो एक संगणक मेला की सगळे मरते, हे मनात धरून जवळच्या झेरॉक्सवाल्याशी ओळख ठेवावी.

आम्ही पुढे नांदेडला जाऊन एक वापरलेला लेझर घेतला. एका कार्यालयाने काढून टाकलेला, दिसायला ओबडधोबड, पण पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट दोन्ही येणारा, नेटवर्कच्या छिद्राचा. दुकानातच आमच्या पेनड्राइव्हवरून मराठी पान छापून पाहिले. दुकानदार आधी कंटाळला, नंतर त्यानेच तो पेनड्राइव्ह आपल्यासाठी करून मागितला. माहूरला आणून तिन्ही संगणकांवरून एकेक पान काढले, मग एका मुलीने आपल्या फोनवरून काढले. इतिवृत्ताच्या वहीत आम्ही दोन्ही खरेदींची नोंद केली. पहिल्या खरेदीपुढे 'चौकशी अपुरी' असा शेरा मारून खाली स्वतःची सही केली. मावशींनी छापलेले पान हातात घेतले, ते अजून गरम होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हं. आता त्या पोराच्या बापाला कळवा."

आम्ही कळवले. या वर्षीचा त्या मुलाचा अर्ज अभ्यासिकेतच छापला गेला.

बचत गटाच्या त्या ताईंना आम्ही प्रिंटरचे नाव काही सांगितले नाही. लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह दिला आणि एका कागदावर चार-पाच शब्द लिहून दिले. येत्या सोमवारी त्या आणि त्यांच्या खजिनदार पुसदला जाणार आहेत.